मशीन घरपोच आलं, शिकवणार कोण?

दिवाळीच्या सुट्टीत डोणगावला घरी गेले होते. मेहकर-मालेगाव रस्त्यावरचं आमचं गाव. धाकट्या भावाचं बारावीचं वर्ष. त्याची पुस्तकं बाजेवर, खिडकीत, आईच्या शिलाई मशीनवर, जिथे जागा मिळेल तिथे. म्हटलं, आपण भिंतीला एक मस्त शेल्फ करून देऊ. घराचं काम झालं तेव्हाचा १८ मिलिमीटरच्या प्लायचा मोठा तुकडा मागच्या खोलीत पडून होता. चुलतभावाकडे, म्हणजे दादाकडे, फरशी कापायचा कटर होता. त्याला लागणारं लाकडाचं पातं मी ऑनलाइन मागवलं. ते चौथ्या दिवशी दारात आलं. आणि माझं प्रशिक्षण? तीन रील्स आणि एक अकरा मिनिटांचा व्हिडिओ.

अंगणात दोन विटांवर प्लाय ठेवला, कटर सुरू केला. सारखं बटण दाबून धरायला नको म्हणून बाजूचं लॉक बटणही दाबलं. अर्ध्यात आले आणि लाइट गेली. आपल्याकडे लाइट जाणं ही काही बातमी नाही. मी कटर बाहेर काढला, प्लायवर ठेवला आणि पाणी प्यायला आत गेले. दोन मिनिटांनी लाइट आली. बटण लॉकच होतं. कटर आपोआप सुरू झाला, प्लायवरून उडाला आणि पात्यावरच धावत अंगणातून थेट बाजेच्या पायावर जाऊन आदळला. आजी त्या बाजेवर शेंगा फोडत बसली होती.

आजीला काही झालं नाही. तिनेच हात लांब करून बोर्डातली पिन उपसली आणि मला जे काही सुनावलं ते या पुरवणीत छापता येणार नाही. बाजेच्या पायावर अजून बोटभर खोल खाच आहे. घरी गेले की मी ती बघते.

हे सगळं सांगायचं कारण असं, की सध्या माझ्या ओळखीत प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी जण असा आहे ज्याला घरच्या घरी काहीतरी बनवायचंय. कुणाला रूमवर स्टडी टेबल हवंय, कुणाला मांजरीसाठी घर, कुणाला बाल्कनीत कुंड्यांचा स्टँड. एका हातात मावणारी छोटी इलेक्ट्रिक करवत आता सहज मागवता येते. मला हे भारीच वाटतं. माझं म्हणणं 'हात लावू नका' असं अजिबात नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मशीन घरपोच येतं, ते चालवणारा हात घरपोच येत नाही. तो तयार करायची सोय आपल्याकडे जवळपास नाहीच, आणि ती कॉलेजांनी करायला हवी.

आधी मशीनबद्दल थोडं, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. आपण सरसकट ज्याला 'कटर' म्हणतो तो मुळात फरशी, संगमरवर कापायला बनवलेला असतो. त्याचं पातं साधारण ११० मिलिमीटरचं आणि वेग मिनिटाला १२ हजार फेऱ्यांच्या आसपास. हिशेब करून बघा, पात्याच्या कडेचा वेग ताशी जवळपास २५० किलोमीटर होतो. आपल्या समृद्धी महामार्गावर कारला वेगमर्यादा १२० आहे. त्याच्या दुपटीने धावणारे दात आपल्या बोटांपासून वीतभर अंतरावर असतात. त्यात या कटरचं संरक्षक कव्हर फक्त वरच्या बाजूला असतं. खालचं पातं कायम उघडं.

याउलट लाकडासाठीच बनवलेली छोटी सर्क्युलर सॉ असते. तिचं पातं साधारण ८५ मिलिमीटरचं, वेग मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या आसपास. म्हणजे कडेचा वेग ताशी ५६ किलोमीटर. ती २५ मिलिमीटरच्या थोडी वर खोल कापते, म्हणजे १८ चा प्लाय आरामात. महत्त्वाचं म्हणजे लाकडातून बाहेर काढली की स्प्रिंगने पातं झाकलं जातं आणि बऱ्याच मॉडेल्समध्ये बोट काढलं की मशीन बंद होतं. लाइट येवो नाहीतर जावो. तरी आपल्याकडे लाकडावर फरशीचा कटर चालतो, का? कारण तो आधीच घरात असतो आणि नुसतं पातं बदलायला फार पैसे लागत नाहीत. काही जण तर ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावतात आणि आड येतं म्हणून कव्हरच काढून टाकतात. ग्राइंडरला लाकडावर टेकवायला खाली प्लेटसुद्धा नसते. सगळा भार हाताच्या अंदाजावर. रील बघताना हे मला कधी दिसलंच नव्हतं. मला फक्त सरळ कट आणि मागचं म्युझिक दिसलं.

बाजेच्या प्रकरणानंतर आजीने मला गावातल्या मिस्त्री काकांकडे पिटाळलं. ते आधी हसले. मग म्हणाले, "मशीन आलं माय तुया घरी, पण मशीनची सवय नाही आली." मी म्हटलं, काका, शिकवा मग. त्यांनी मला मशीनला हातच लावू दिला नाही. पहिला अर्धा तास नुसतं माप, पेन्सिल आणि गुण्या. रेघ काटकोनात आली नाही तर कट कधीच सरळ येणार नाही, हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "कापल्यावर तुकडा कुठं पडन?" मी गप्प. माझ्या दोन विटांच्या मधोमध कट येत होता. तसं केलं की कापता कापता दोन्ही बाजू खाली वाकतात, फट मिटते आणि पातं चिमटीत सापडतं. मग मशीन एकदम उसळून आपल्याच अंगावर येतं. इलेक्ट्रिक करवतीचे मोठे अपघात असेच होतात. उपाय अगदी साधा: मोठा भाग पक्का टेकलेला आणि क्लॅम्पने आवळलेला हवा, कापून वेगळा होणारा तुकडा मोकळा पडायला हवा. लाकूड गुडघ्याखाली किंवा पायाखाली दाबून कापायचं नाही. आपण मशीनच्या बरोबर मागे उभं राहायचं नाही, थोडं बाजूला राहायचं.

उरलेल्या वेळात जे शिकले ते थोडक्यात सांगते, कापून ठेवा हवं तर. पातं लाकडाच्या खाली फक्त पाच-सहा मिलिमीटर निघेल एवढीच खोली लावायची. पातं बदलताना पिन बोर्डातून काढायची, बटण बंद केलंय यावर भागवायचं नाही. पात्यावर कमाल वेग छापलेला असतो, तो मशीनच्या वेगापेक्षा जास्त हवा. सैल हातमोजे घालायचे नाहीत, ते पात्यात अडकून हात ओढला जातो. ओढणी, लांब बाह्या, मोकळे केस, गळ्यातलं सगळं बाजूला. पायात चप्पल नको, बूट हवेत. डोळ्यांना गॉगल, कानांना काहीतरी, नाका-तोंडावर एन-९५ मास्क. धुळीचं आपण हसण्यावारी नेतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकली, त्याला १९९५ पासून काळ लोटला. एका शेल्फने काही होणार नाही, पण वर्षानुवर्षं मास्कशिवाय त्या धुळीत काम करणाऱ्या मिस्त्रींचा विचार कुणी करायचा? आणि माझ्यासाठी खास धडा: लाइट गेली की पहिलं काम पिन काढायचं.

एक तास. फक्त एक तास लागला. तेवढ्यात मला कळलं की मी आजीच्या पायाशी काय खेळ मांडला होता.

आता गंमत बघा. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. त्यातल्या १८ पारंपरिक व्यवसायांत सुतारकाम आहे. योजनेत कारागिराला पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे. म्हणजे ज्याचे हात आयुष्यभर करवतीवर बसलेत त्यालासुद्धा अवजारांसोबत आठवडाभराचं प्रशिक्षण द्यावं असं सरकारला वाटतं. आयटीआयमध्ये कार्पेंटर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. आणि आपण? ओटीपी सांगितला की मशीन आपलं.

काही जण म्हणतील, यूट्यूब आहे की. आहेच, आणि मीही तिथूनच खूप काही शिकले. पण व्हिडिओ तुमचा कोपर कुठे आहे ते बघत नाही. तुमच्या विटा चुकल्यात हे तो सांगत नाही. स्वयंपाक व्हिडिओ बघून शिकता येतो, कारण भाजी करपली तर दुसरी करता येते. बोटाचं तसं नाही.

दुसरा मुद्दा, 'एवढी कटकट कशाला, मिस्त्रीला बोलवा'. बोलवा ना, मोठं काम असेल तर बोलवायलाच हवं. पण एका शेल्फसाठी मिस्त्री येत नाहीत, त्यांनाही दिवसाची हजेरी पडायला हवी. काकांना मी विचारलं, आम्ही शिकलो तर तुमचं काम कमी होईल का? ते म्हणाले, "तू एक फळी कापली तर तुले कळन आमची मजुरी कायले इतकी." मला हे उत्तर पटलं. स्वतः एक कट सरळ मारायचा प्रयत्न केला की माणूस मिस्त्रीशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करायचं सोडतो.

तिसरा मुद्दा मुलींचा. दादाने कटर घेतला तेव्हा भावाला लगेच धरायला मिळाला. मला "तू राहू दे, लागेल." लागतं ते न शिकवल्यामुळे. मुलाचं बोटही तेवढंच मऊ असतं.

मग करायचं काय? माझी मागणी साधी आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या पदवीच्या अभ्यासक्रमात व्यावसायिक कौशल्याचे आणि कौशल्यवृद्धीचे कोर्स आलेत, त्यांना क्रेडिट्स आहेत. अमरावती विद्यापीठाच्या कॉलेजांतही ते आहेत. माझ्या कित्येक मैत्रिणींनी हे क्रेडिट्स पीपीटी बनवून मिळवले. त्यातला एक कोर्स 'घरातली अवजारं' असा का असू नये? ड्रिल, छोटी करवत, अर्थिंग, फ्यूज, क्लॅम्प. शिकवायला गावातला मिस्त्री आणि इलेक्ट्रिशियन, रीतसर मानधन देऊन. जागा जवळच्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये. मशीन प्रत्येकाने विकत घ्यायचीही गरज नाही. वर्षातून दोनदा लागणारी वस्तू लायब्ररीच्या पुस्तकासारखी कॉलेजातून नेता यावी, पण तो तासभराचा धडा पूर्ण केला असेल तरच.

ही कल्पना काही परदेशी नाही. हातकामातून शिक्षण द्यायचं हा विचार गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडला, म्हणजे आपल्याच विदर्भात. आपण त्याची शाळेत 'कार्यानुभव' नावाची वही केली आणि चिकटवलेल्या आइस्क्रीमच्या काड्यांवर मार्क दिले.

कॉलेज हे करेल तेव्हा करेल. तोवर तुम्ही एवढं करा. मशीन मागवायच्या आधी तुमच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे जा. एक तास मागा आणि त्या तासाचे पैसे द्या. चहा पाजून फुकटात शिकू नका. क्लासची फी आपण मुकाट भरतो, ही पण फीच आहे. मी पैसे पुढे केले तेव्हा काका आधी घेईनात. मग म्हणाले, शिकवायचे पैसे मला आजवर कुणी दिले नव्हते.

शेल्फ झालं. डावीकडे किंचित कलतंय, भाऊ म्हणतो फिजिक्सची पुस्तकं आपोआप घसरून हातात येतात. पुढच्या सुट्टीत ते सरळ करायचंय आणि आजीच्या बाजेचा पायही बदलायचाय. त्यासाठी काकांकडे अजून एक तास बुक केलाय.