बेथेलचा धडा
जालना एमआयडीसी म्हटले की लोखंडी सळया आठवतात. बेथेल कोणास आठवत नाही. नारायण शेषाद्री जन्माने ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत ते ख्रिस्ती झाले. मुंबईत बसून व्याख्याने झोडणे त्यांस सहज शक्य होते. पण ते जालन्यास आले, आणि ज्या मांग-महारांची सावलीही भटांस विटाळत होती, त्यांतील ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांसाठी त्यांनी निजामशाहीकडून जमीन मिळवून गाव वसविले. नाव ठेविले बेथेल, म्हणजे देवाचे घर. आम्ही पाद्र्यांचे भाट नव्हे. धर्म बदलूनही जात न सोडणारे ख्रिस्ती आम्हांस ठाऊक आहेत. परंतु शेषाद्रींची श्रद्धा चर्चच्या भिंतीत राहिली नाही. ती मांगाच्या ओसरीवर जाऊन बसली.

आता आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांस विचारतो. एमआयडीसीतील भट्टीवर राबणारा परमुलखीचा मजूर तुमच्या दारी भाड्याने खोली मागावयास येतो. त्यास तुम्ही अगोदर पाणी विचारता की जात? जात विचारणाऱ्यांनी भटजींच्या नावाने बोटे मोडणे तूर्त बंद ठेवावे.