दत्तक गावाची एसटी

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे, ही अपेक्षा. महाविद्यालयाने त्यासाठी दत्तक घेतलेल्या गावाला जाताना फाट्यावर गाडीची वाट पाहण्यात आणि तिथून गावापर्यंत चालण्यात किती वेळ जातो, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

एसटीचा विद्यार्थी पास घर ते कॉलेज एवढ्याच मार्गाचा. दत्तक गाव दुसऱ्या दिशेला असले, की तिकीट खिशातून. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे झाले, हे चांगलेच झाले. पण संध्याकाळी परतीची गाडी नसेल तर घरचे मुलीला पाठवत नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही. सात दिवसांच्या शिबिराला टेम्पो ठरतो. एरवीच्या रविवारी दुचाकीवाले तेवढे पोहोचतात आणि शेतमजुराचा मुलगा, ज्याला गावाची गरज आतून ठाऊक असते, तोच मागे राहतो.

एसटी महामंडळाने योजनेच्या ओळखपत्रावर दत्तक गावापर्यंत सवलत द्यावी. महाविद्यालयांनीही गाव निवडण्याआधी आगारात जाऊन वेळापत्रक पाहावे, आणि शेवटच्या गाडीआधी काम थांबवावे.