स्टेंटची किंमत वेगळी मागा

खेरवाडीतल्या एका बंधूंची रक्तवाहिनी तुंबली. मनगटातून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, फुग्याने वाट मोकळी करून तिथे स्टेंट, म्हणजे धातूची जाळी, बसवायची ठरली. ताई मंगळसूत्र मोडायला निघाल्या. आम्ही आधी खर्चाचा कागद मागितला, कारकुनाची सवय! स्टेंटची किंमत वेगळी लिहिलीच नव्हती.

पूर्वी औषधी लेपाच्या स्टेंटला लाखाच्या वर घेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने मर्यादा घातली: करांखेरीज २९,६०० रुपये, साध्याला ७,२६०. दर पुढे बदलले, मर्यादा कायम आहे. बिलात कंपनी, बॅच नंबर, किंमत वेगळी हवीच. झटका आलेला असेल तर मात्र हिशेब नंतर, आधी दवाखाना.

ताईंना रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राकडे पाठवले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात अँजिओप्लास्टी मोफत होते.