सोडून दिलेला मासा



अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातून माझ्या भाच्याचा फोन आला. तिथे उन्हाळा जून महिन्यात सुरू होतो आणि कार्यालयातील सहकारी सुट्टीच्या दिवशी सरोवरांवर मासेमारीसाठी जातात. त्यांनी यालाही आग्रहाने बोलावले होते. तो म्हणाला, "मामा, हे लोक मासा खात नाहीत, मारतही नाहीत. पकडतात, मोजतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. मग यात पाप कसले?" मी लगेच उत्तर दिले नाही. प्रश्न सरळ होता, आणि सरळ प्रश्नाला घाईने दिलेले उत्तर बहुधा अपुरे असते.

त्याने सांगितलेला मासा म्हणजे मस्कलंज; तिकडचे लोक त्याला लाडाने मस्की म्हणतात. उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातील हा मोठा शिकारी मासा. तो इतक्या क्वचित गळाला लागतो की दहा हजार वेळा गळ टाकावा तेव्हा एकदा मिळणारा मासा, अशी त्याची ख्याती आहे. मिनेसोटात 54 इंचांहून लहान मस्की घरी नेता येत नाही, आणि त्याहून मोठा मिळाला तरी बहुतेक हौशी मंडळी तो सोडूनच देतात. भर उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातील प्राणवायू कमी होतो. गळाशी झुंजून थकलेला मासा अशा पाण्यात सोडला तरी नंतर मरू शकतो. म्हणून पाण्याचे तापमान सुमारे 27 अंशांच्या वर गेले की तेथील जाणते लोक मस्कीची मासेमारी स्वतःहून थांबवतात.

हा संयम मला मनापासून आवडला. परधर्मीयांच्या ठिकाणी दिसलेल्या गुणाचा प्रमोद बाळगावा, ही आपलीच शिकवण आहे. तरीही भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर एवढ्याने होत नाही.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो: बंध, वध, छेद, अतिभार आणि अन्नपाननिरोध. यांतील एकाही शब्दाचा अर्थ प्राण घेणे असा नाही. वध म्हणजेही येथे मारहाण. जीव गेला नाही तरी त्याला बांधले, मारले, त्याचे अंग छेदले, त्याच्यावर पेलवणार नाही इतका भार टाकला किंवा त्याचे अन्नपाणी तोडले, तर व्रताला डाग लागतो. या पाच शब्दांपुढे तो सोडून दिलेला मासा ठेवून पाहा. जाळीत अडकवणे हा बंध. ओठातून आरपार गेलेला आकडा हा छेद. दमछाक होईपर्यंत ओढत आणणे आणि छायाचित्रासाठी पाण्याबाहेर धरणे, हे त्याच्या देहाला न पेलणारे ओझे. मासा पंचेंद्रिय जीव आहे. त्याची वेदना आपल्या करमणुकीची किंमत ठरावी, हे श्रावकाला शोभत नाही. मारण्यापेक्षा सोडणे निश्चितच चांगले. पण सोडण्याचे पुण्य मिळावे म्हणून आधी पकडणे, हा हिशेब जमाखर्चाच्या कोणत्याही वहीत बसणार नाही.

आपल्या वरंधच्या परिसरातील वाचकांना मी यापेक्षा जवळचे उदाहरण देतो. महाडहून बिरवाडीमार्गे पुढे गेले की काळ नदीवर वाळण कोंड लागतो. कोंड म्हणजे नदीच्या खडकाळ पात्रातील खोल डोह. काठावर वरदायिनी देवीचे स्थान आहे आणि डोहातील मासे देवीचे मानले जातात. त्यांत महाशीर कुळातील मोठमोठे मासे आहेत. काठावरून चुरमुरे टाकले की आधी लहान मासे वर येतात, मग त्यांना बाजूला सारीत मोठ्यांच्या काळसर पाठी दिसू लागतात. तेथे कोणी गळ टाकत नाही. तो डोह राखला आहे तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रद्धेने.

या श्रद्धेचा व्यवहारही समजून घेण्याजोगा आहे. आपल्याकडे वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण वैशाखात नद्यांची पात्रे उघडी पडतात आणि पाणी उरते ते डोहांत. नदीतील सारे जलचर त्या चार डोहांत दाटीवाटीने दिवस काढतात. पहिल्या पावसाबरोबर तेच मासे प्रवाहाच्या उलट चढतात, अंडी घालतात आणि नदी पुन्हा भरते. उन्हाळ्यातील डोह म्हणजे नदीचे बियाणे. शेतकरी उपाशी राहील, पण बियाण्याच्या कणगीला हात लावणार नाही; वाळणच्या लोकांनी नदीच्या कणगीला देवीचे कुलूप घातले आहे.

जैन इतिहासातही असे एक कुलूप आहे. 1583 मध्ये आचार्य हीरविजयसूरी गुजरातहून पायी विहार करीत फतेहपूर सिक्रीला पोहोचले. बादशहा अकबराने त्यांना काही मागण्याचा आग्रह केला, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी काहीच घेतले नाही. जीवांसाठी अभय मागितले. पर्युषणाच्या दिवसांत पशुवध थांबला, पिंजऱ्यांतील पक्षी मुक्त झाले आणि डाबर नावाच्या विशाल तलावातील मासेमारी बंद झाली. आचार्यांनी पकडलेले मासे सोडवून घेण्यावर समाधान मानले नाही. तलावच निर्भय करून घेतला.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी वैशाखात आमच्या दुकानातून एका ओळखीच्या गिऱ्हाईकाने ब्लीचिंग पावडरच्या दोन गोणी नेल्या. विहिरीसाठी एवढी पावडर लागत नाही, हे मला कळत होते. मी विचारले नाही. रोख पैसे घेतले आणि पावती फाडली. तिसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या डोहात मासे पोटे वर करून तरंगताना दिसले. बोटभर लांबीची पिल्लेसुद्धा. खाण्याजोगे चार मासे मिळावेत म्हणून साऱ्या डोहाचा जीव गेला होता. मी एकही मासा मारला नव्हता, पण त्या रात्री प्रतिक्रमणाला बसलो तेव्हा शब्द घशातून बाहेर पडेनात.

आपण व्यापारी. आपली हिंसा हाताने क्वचितच होते. ती तराजूतून होते. हे ओळखूनच शास्त्रकारांनी श्रावकासाठी पंधरा कर्मादाने, म्हणजे त्याज्य धंदे, सांगितले. त्यांत विषवाणिज्य आहे, आणि सरोवर, डोह, तळी शोषून टाकण्याचे कर्मही आहे. माल कोणता आहे एवढेच पाहून भागत नाही. तो कशासाठी चालला आहे, हे जिथे उघड दिसते तिथे विचारणे हे दुकानदाराचे कर्तव्य आहे. त्या वर्षापासून आम्ही गळ, तंगूस आणि जाळी ठेवणे बंद केले. ब्लीचिंग पावडर ठेवतो, पण विहिरीला लागेल तेवढीच देतो. चार गिऱ्हाइके तुटली. दुकान चालूच आहे.

याचा अर्थ पोटासाठी मासे धरणाऱ्या कातकरी किंवा भोई बांधवाकडे तुच्छतेने पाहावे, असा नव्हे. त्याच्या घरी संध्याकाळची चूल त्यावर पेटते. भूक आणि हौस एका तागडीत तोलणे हा अनेकान्ताचा अपमान आहे. शिवाय डोहात विष पडले की पहिले नुकसान त्याचेच होते.

जीवदयेच्या उत्साहात होणारी एक चूकही सांगितली पाहिजे. पर्वाच्या दिवशी बाजारातून जिवंत मासे विकत घेऊन नदीत सोडण्याची हौस काही ठिकाणी आहे. आपली मागणी पाहून विकणारा उद्या दुप्पट मासे धरून आणतो. त्यातच आफ्रिकन मांगूर निघाला, तर अनर्थच. या माशाच्या पालनावर आपल्या देशात बंदी आहे, कारण तो नदीत शिरला की तेथील मूळचे मासे फस्त करतो. एक जीव सोडून आपण हजार जीवांचा घात करतो. त्याऐवजी तेवढीच रक्कम गावच्या डोहाभोवतीचा कचरा काढायला आणि उन्हाळ्यात त्यावर नजर ठेवणाऱ्या तरुणांना द्यावी. वाळणला गेलात तर चुरमुरे मूठभरच टाका आणि पिशवी परत आणा.

भाच्याला मी शेवटी एवढेच कळवले: "मित्रांबरोबर जरूर जा. नावेत बस, सरोवर पाहा, त्यांच्या संयमाचे कौतुक कर. गळ मात्र हाती घेऊ नकोस. कारण विचारले तर न लाजता सांग." आठ दिवसांनी त्याचे उत्तर आले. तो गेला होता. त्याने दिवसभर नाव वल्हवली. पाणी तापले म्हणून दुपारी सर्वांनीच गळ आवरले, तेव्हा एकाने त्याला विचारले, "तुझ्या देशात असे थांबतात का?" त्याने त्यांना वाळणच्या कोंडाची गोष्ट सांगितली.

आपण ती गोष्ट सांगण्यापुरती तरी खरी ठेवूया. पाऊस अजून दूर आहे. डोहात पाणी थोडे आहे, आणि जीव फार आहेत.

जय जिनेंद्र.