विसरण्याला हयगय म्हणू नका

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं. एचआयव्हीसह पन्नाशी-साठी गाठलेल्यांच्या बाबतीत मात्र ते घातक आहे. विसर पडला की गोळी चुकते, गोळ्या वारंवार चुकल्या की विषाणू पुन्हा वाढतो आणि मेंदूला आणखी इजा करू शकतो. एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रात उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात. त्या जास्त निघाल्या की ‘हयगय केली’ असा ठपका सहज बसतो. विसरण्याची चौकशी राहूनच जाते. ती दरवर्षी व्हायला हवी, असं म्हटलं की तीन आक्षेप येतात.

पहिला आक्षेप : उपचारांमुळे रक्तात विषाणू सापडत नाही, मग मेंदूला धोका कसला? विषाणू लागण झाल्यावर लवकरच मेंदूत शिरतो. शिवाय २००४ साली भारतात एचआयव्हीची मोफत औषधं सुरू झाली, तेव्हा लक्षणं नसलेल्याला सीडी४ (प्रतिकारपेशींची संख्या) २००च्या खाली जाईपर्यंत थांबावं लागे; सर्वांना तत्काळ उपचाराचं धोरण २०१७मध्ये आलं. सीडी४ एकदा इतकी घसरलेल्यांना मेंदूचा धोका अधिक असतो. आजचा चांगला रिपोर्ट तो जुना हिशेब पुसत नाही.

दुसरा आक्षेप नेमका उलटा : एचआयव्ही म्हणजे बुद्धिभ्रंश ठरलेलाच. हेही खोटं. नियमित उपचारात तीव्र बुद्धिभ्रंश आता विरळा झाला आहे. तक्रार नसतानाही केवळ चाचणीतल्या गुणांवरून एचआयव्हीजन्य बौद्धिक दोष ठरवणाऱ्या २००७च्या निकषांवर संशोधकांनीच टीका केली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बीडच्या ऊसतोड कामगाराला कागदावर आकृत्या काढायला लावल्या, तर नापास शाळा होते, मेंदू नव्हे. विसरण्यामागे बी१२ची कमतरता, थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब, नैराश्य, बहिरेपणाही असू शकतो. त्यांतल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे.

तिसरा आक्षेप वेळेचा : केंद्रात एवढी चौकशी करायला सवड कुठे? पण समुपदेशक गोळ्या मोजतोच; त्याच वेळी चार प्रश्न विचारावेत. ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीचा हिशेब जमतो का? बाजारातून काय आणायचं ते ध्यानात राहतं का? ओळखीची वाट चुकते का? पूर्वी जमणारं कोणतं काम आता अडतं? उत्तरं दरवर्षी कार्डावर नोंदवली, तर घसरण दिसेल. घरच्यांना विचारायचं ते मात्र रुग्णाच्या संमतीनंच. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं त्याला गुप्ततेचा हक्क दिला आहे. शिवाय घरचे नेहमी जवळ असतातच असं नाही. दिवाळीनंतर मुलं-सुना कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर गेली की गावात म्हातारं माणूस एकटं उरतं. त्याचं विसरणं टिपणारं तेव्हा बहुधा केंद्राखेरीज कुणी नसतं. म्हणून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयापासून तालुक्याच्या केंद्रापर्यंत, व्हायरल लोडच्या (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या) वार्षिक तपासणीसोबतच ही विचारपूसही सक्तीची व्हावी.