साखर गरिबाची, सुई श्रीमंताची

इन्सुलिनच्या शोधकर्त्यांनी १९२३ साली त्याचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. मार्च २०२५ मध्ये मधुमेह आणि लठ्ठपणा या दोन्हींवरचे मौंजारो भारतात आले, तेव्हा अडीच मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत होती ३,५०० रुपये. इंजेक्शन दर आठवड्याला, म्हणजे चार आठवड्यांचे १४,०००. थांबवले की वजन बहुधा परत येते. माझ्यासारख्या सॉफ्टवेअर इंजिनिअरला हे कसेबसे झेपेल. मालेगावच्या यंत्रमाग कामगाराने काय करावे? ‘कमी खा, चालायला जा’ हा उपदेश दिवसभर मागावर उभ्या असलेल्या माणसाला करू नका. जकातीतून शेजाऱ्याची एखादी कुपी येईल. देशात मधुमेही दहा कोटी आहेत; डॉक्टर ज्यांना हे औषध लिहून देतील, त्यांच्यासाठी सरकारनेच किंमत बांधून ते सरकारी दवाखान्यात ठेवले पाहिजे.