सड्याला कचरा म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर परवा एक सूचना लागली. फाटकाजवळची रातराणी आणि पारिजातक काढून तिथे ड्युरांटाचं कुंपण लावायचं म्हणे. कारणं तीन दिली आहेत. कचरा होतो, साप येतात आणि रातराणी विषारी आहे. आयुष्यभर पेपर तपासले, तेव्हा हाही तपासूनच टाकते.

पहिलं कारण, कचरा. पारिजातक संध्याकाळी फुलतो आणि पहाटे गळतो. त्याला आपल्या भाषेत सडा म्हणतात हो! ओली फुलं गाडीच्या टपाला चिकटतात हे खरं आहे. मग गाडी दोन हात पुढे लावा. जिन्यात पडणाऱ्या गुटख्याच्या पुड्यांबद्दल मात्र आजवर एकही सूचना लागलेली नाही. शून्य गुण.

दुसरं, साप. साप वासासाठी येत नाही. तो उंदीर आणि बेडकांच्या मागे येतो, आणि त्याला लपायला गच्च जागा लागते. रातराणीच्या वासावर येतात ते रात्री उडणारे पतंग. रातराणीच्या जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटल्या की बुंधा मोकळा होतो. उलट बुडापासून दाट वाढवलेलं कुंपण म्हणजे लपायची उत्तम सोय, आणि तेच तुम्ही लावायला निघालात!

तिसरं, विष. हे बरोबर आहे. रातराणीची फळं खाऊ नयेत. पण ड्युरांटाची पिवळी फळंसुद्धा विषारीच असतात, हे बोर्डावर लिहायचं राहिलं. अर्धा गुण.

विषाची एवढी भीती असेल तर जपानी लोकांकडे बघा. तिथे जिन्चोगे नावाचं झुडूप असतं, इंग्रजीत त्याला डॅफ्नी म्हणतात. मूळ चीनकडचं. उंची कमरेएवढी, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी-पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. सबंध झुडूप विषारी. शिवाय नाजूक इतकं, की मुळं दुखावली तर जगेल याची खात्री नाही. तरी लोक ते मुद्दाम येण्याजाण्याच्या वाटेवर लावतात. कारण थंडी सरत आली ही वर्दी त्याच्या वासाने मिळते. झाड तोंडात घालायचं नाही, एवढं मुलांना शिकवलं की पुरतं.

कुणी म्हणेल, बाईंचं हे स्वदेशीचं खूळ आहे. नाही. रातराणी अमेरिका खंडाकडची आणि अनंतही चीनकडचा. माझं भांडण परक्या झाडांशी नाही, बिनवासाच्या बागांशी आहे. बिल्डरला ताबा देण्याच्या दिवशी बाग हिरवीगार दिसायला हवी असते, म्हणून रंगीत पानांची, झटपट वाढणारी रोपं लावतात. ते मी समजू शकते. पण मागच्या भिंतीशी कुंती आहे, तिचं काय? पावसानंतर पांढरी होऊन घमघमणारं झाड ते. आपला माळी दर महिन्याला तिचे शेंडे कापतो. कळ्याही त्यातच जातात. कित्येकांना ती फुलते हेच ठाऊक नाही.

रातराणीच्या उग्र वासाने डोकं दुखतं, अशी एका घराची तक्रार आहे. ती मला पटते. त्यांच्या खिडकीपासून लांब, कोपऱ्यात तिचं छाटकलम लावू, आणि ते नीट धरलं की मगच जुनं झाड काढू. पारिजातकाला मात्र हात लावू नका.

आमच्या मजल्यावरच्या वहिनींची नजर काचबिंदूने गेली. संध्याकाळी काठी टेकत येतात आणि रातराणीचा वास आला की म्हणतात, "आलं फाटक." ड्युरांटाचं कुंपण त्यांना काय सांगणार आहे?

रविवारी सभा आहे. मी जाणार आहे, आणि वहिनींनाही हाताला धरून नेणार आहे. कचरा कशाला म्हणायचं ते त्यांच्या समोरच ठरवू या.